आचारसंहितेतला संडास

निंबाळगावच्या बाजारतळामागं वेड्या बाभळीचं रान होतं, तोवर गावातल्या बायकांना विकासाची गरज पडली नव्हती. सोमवारी बाजार भरायचा. आसपासच्या वाड्यांवरच्या बाया भाजीच्या पाट्या घेऊन तांबडं फुटताना येऊन बसायच्या आणि लागली की शेजारणीला "पाटीकडं बघ गं" म्हणून बाभळीत शिरायच्या. काटे होते, डुकरं होती, पण आडोसा होता. मग हायवे रुंद झाला, जमिनीला भाव आला, आणि सोलापूरच्या कुणीतरी ते रान घेऊन तिथं प्लॉट पाडले. जेसीबी एक दुपारभर फिरला. संध्याकाळी तिथं पांढरे दगड, सोनेरी अक्षरात कुठल्याशा सिटीचं नाव लिहिलेली कमान आणि चहूकडून मोकळं आभाळ. बायकांची शंभर वर्षांची सोय मातीत गेली, आणि गावातल्या बाप्यांना त्याचा पत्ताही लागला नाही, कारण त्यांना कुठलीही भिंत चालत होती.

बनाबाईंचा आणि बाजारतळाचा तसा काही संबंध नव्हता. त्या भीमनगरात राहायच्या, ओढ्याच्या पलीकडं. अंगणवाडीत सेविका म्हणून त्यांची सगळी नोकरी गावातच गेली. पस्तिशीच्या खालचं अख्खं निंबाळगाव त्यांच्या हातची खिचडी आणि त्यांच्याच हातची चापटी खाऊन मोठं झालं होतं. त्यामुळं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. रिटायर झाल्यावर हाताला काम नाही आणि तोंडाला मात्र सवय तीच, म्हणून दर सोमवारी त्या लक्ष्मम्मांच्या किराणा दुकानात येऊन बसायच्या. लक्ष्मम्मा लिंगायत वाण्याच्या. नवरा गेल्यापासून गल्ल्यावर त्याच. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि चिडल्या की दोन्ही. त्यांना शुगर होती. शुगरवाल्या माणसाला दर घटकेला जावं लागतं, आणि त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला.

दिवाळीच्या आधीच्या एका सोमवारी लक्ष्मम्मांचा धीर सुटला. बाजार खच्चून भरला होता. कडेला कांद्याच्या गोण्या भरलेला एक टेंपो उभा होता.

"बाई, जरा चला माझ्यासंगट," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "त्या टेंपोच्या मागं. तुमी पदर धरा."

बनाबाईंनी पदर धरला. लक्ष्मम्मा बसल्या. आणि तेवढ्यात ड्रायव्हरनं, बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं, टेंपो सुरू केला आणि निघून गेला.

पुढं पदर होता, मागं आख्खा बाजार होता. बनाबाईंनी गर्रकन वळून मागची बाजू धरली, तर पुढची उघडी पडली. शेवटी त्या लक्ष्मम्मांच्या भोवती गोल गोल फिरत राहिल्या. मिरच्या विकणाऱ्या बायांनी तोंडाला पदर लावला, आणि पानटपरीवरच्या लोकांनी, मानलं पाहिजे, आयुष्यात पहिल्यांदा दुसरीकडं बघितलं.

दुकानात परत आल्यावर लक्ष्मम्मा गल्ल्यावर बसल्या. मग कानडीत एक शिवी दिली. ती टेंपोला होती, का सरकारला, का शुगरला, हे कळलं नाही.

"आन् तो कशाला बांधलाय मग?" बनाबाईंनी विचारलं.

दुकानाच्या समोरच, बाजारतळाच्या कोपऱ्यात, गुलाबी रंगाची इमारत उभी होती. दारावर साडी नेसलेल्या बाईचं चित्र, आत पांढऱ्या फरशा, तीन संडास, वर पाण्याची टाकी, भिंतीत काळा संगमरवरी दगड बसवलेला. दाराला पितळी कुलूप. पावसाळ्याआधी बांधून झाली होती. बाया रोज तिच्याकडं बघायच्या आणि आपल्या वाटेनं जायच्या.

बनाबाई तशाच उठल्या आणि पंचायतीत गेल्या.

निंबाळगावची सरपंच वृषाली होती. जागा बाईसाठी राखीव होती, म्हणून अमरसिंहानं बायकोला उभं केलं, निवडून आणलं आणि तिच्या खुर्चीवर आपण बसला. तिची सही लागायची तेव्हा तो फाइल घरी न्यायचा. त्या दिवशीही खुर्चीत तोच होता. बनाबाईंना बघून तो अर्धा उठला. अंगणवाडीतली सवय अंगातून जात नाही.

"बसा बाई. चहा सांगू?"

"चहा नको. चहा पिला की जायाचं कुठं? त्या संडासाचं कुलूप काढ."

अमरसिंहानं मान खाजवली. "काढायचंच हाय बाई. पण उद्घाटन बाकी हाय."

"कर मग."

"मी कसं करू? निधी आपल्या पार्टीच्या कृष्णराज दादांनी आणलाय. ते म्हणतात फीत मी कापणार. जागेचा ठराव दुसऱ्या पार्टीचे श्रीमंतराव आबा सभापती होते तवाचा. ते म्हणतात माझ्याशिवाय कापून दाखवा." त्यानं आवाज खाली आणला. "दगड दोनदा करून घेतलाय बाई. पहिल्यात दादांचं नाव वर, दुसऱ्यात आबांचं वर. दोन्ही पडून हायेत. सध्या भिंतीत आहे तो कोराच हाय."

"संडासाला नाव कुणाचं वर हे ठरंना, म्हणून बायका खाली बसतेत व्हय रे?"

"तुमाला राजकारण कळत न्हाय बाई."

"अमऱ्या," बनाबाई म्हणाल्या, "तुला चड्डीत होईस्तोवर कळायचं न्हाय. रोज. म्या बदलायची चड्डी. तवा कुणाला फीत कापायला बोलवलं व्हतं का?"

कोपऱ्यातला ग्रामसेवक खोकल्याच्या निमित्तानं बाहेर गेला.

घरी आल्यावर त्यांनी ही सगळी हकिगत नवऱ्याला सांगितली. आबाराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांचा कुठल्याच यंत्रणेवर विश्वास नव्हता, कारण जन्मभर त्यांनी यंत्रं आतून उघडून बघितली होती. ते म्हणाले, "आपल्याला काय करायचं? आपल्या घरात संडास हाय."

"हाय की. म्हणून काय बाजारात जाताना डोक्यावर घिऊन जाऊ?"

"तू त्यात पडलीस की उद्या तुलाच धुवायला लावतील. बघ तू."

बनाबाईंना ते झोंबलं, कारण ते त्यांच्याही मनात आलं होतं.

आबारावांचं म्हणणं खरं व्हायला फार दिवस लागले नाहीत. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेला बनाबाई भीमनगरातल्या आणि पेठेतल्या बाया घेऊन गेल्या. ग्रामसभेला बाया येतात ही गोष्टच नवीन होती. त्यांना बसायला सतरंजी नव्हती, ती मग मारुतीच्या देवळातून आणली. वृषाली खुर्चीत बसली होती, पण किंचित तिरकी, म्हणजे नवऱ्याकडं बघता येईल अशी. रस्त्याच्या मुरुमावर घटकाभर भांडण झालं. मग बनाबाई उभ्या राहिल्या आणि संडास उघडायचं बोलल्या.

"उघडू की," अमरसिंह म्हणाला. "तारीख घेतोय दोघांची. पण उघडल्यावर साफसफाई कोण करणार? पंचायतीकडं माणूस न्हाय."

मागून कुणीतरी, तोंड न दाखवता, पण चांगल्या मनानं सुचवतोय अशा आवाजात म्हणालं, "भीमनगरातली एखादी बाई बघा की."

सगळ्यांची तोंडं बनाबाईंकडं वळली. त्यांना क्षणभर वाटलं, पायात चप्पल घालावी आणि घरी जावं. आबाराव दारात बसलेले असतील, आणि काही न बोलता नुसते बघतील. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"माझी सासू गावाची मेलेली ढोरं वढायची," त्या म्हणाल्या. "छप्पन साली बाबासाहेबांनी सांगितलं, सोडलं. त्याला सत्तर वर्सं व्हत आली. तवापासून ढोरं कोण वढतंय, कुणी इचारत न्हाय. न्हाय वढली तर काय गाव बुडालं न्हाय. आता संडासाचं म्हणाल तर एकच सांगते. हगायला जात लागत न्हाय. मग धुवायला कशी लागती? जी वापरंल ती पाळीनं धुवंल. भीमनगरातली बी धुवंल आन् पेठेतली बी. ज्याला ते जमत न्हाय, त्यानं दाबून धरावं."

पहिल्यांदा हसल्या त्या लक्ष्मम्मा. त्यांचं हसू पोटातून यायचं, त्यामुळं सतरंजीवरच्या निम्म्या बाया हलल्या. हसू थांबल्यावर डोळे पुसत त्या म्हणाल्या, "ना माडतीन. म्या करते. पहिली पाळी माझी."

दुकानात बसलेल्या त्यांच्या पोराला, सोमेशला, ही बातमी त्या घरी पोचायच्या आधी पोचली. त्यानं तोंड पाडलं. लिंगायत पेठेत चर्चा झाली की म्हातारीचं डोकं शुगरनं फिरलंय.

पण धुवायचं नंतर, आधी दार उघडायला पाहिजे. कृष्णराज दादांची तारीख मिळाली तेव्हा श्रीमंतराव आबा देवदर्शनाला गेले. आबांची मिळाली तेव्हा दादा मुंबईत. एकदा दोघंही सापडले, तर त्या दिवशी अमावास्या निघाली. आणि मग एके दिवशी टीव्हीवर जिल्हा परिषदेची निवडणूक लागल्याचं सांगितलं. संध्याकाळपर्यंत पंचायतीच्या माणसानं गावातल्या सगळ्या पाट्यांवर, कमानींवर, सभामंडपाच्या नावांवर वर्तमानपत्राचे कागद चिकटवले. संडासाच्या कोऱ्या दगडावरसुद्धा चिकटवला. त्यावर काही नव्हतंच, पण उगं कटकट नको.

अमरसिंहाच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी तेज आलं. "आता आचारसंहिता, बाई," तो म्हणाला. "माझ्या हातात काय बी न्हाय. निवडणूक होईस्तोवर उद्घाटन करता येत न्हाय."

बनाबाई ग्रामसेवकाकडं वळल्या. "साहेब, उद्घाटन करता येत न्हाय. वापरता येतो का?"

ग्रामसेवकानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वापराबद्दल तर काही म्हटलेलं नाही," तो म्हणाला. "पण कुलूप काढलं तर दुसरी पार्टी तक्रार करणार, की उद्घाटन केलं."

"म्हंजी कुणाला लागली तरी ती पार्टीचीच लागणार."

"तसंच समजा," ग्रामसेवक म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला बदली हवी होती.

निवडणुकीत निंबाळगावचा गट बायकांसाठी राखीव निघाला. त्यामुळं कृष्णराज दादांनी बायकोला उभं केलं आणि श्रीमंतराव आबांनी सुनेला. दादांच्या बायकोचं नाव महेश्वरी. बॅनरवर ती 'महेश्वरीदेवी' झाली. पुण्याच्या बाजूची, शिकलेली, बोलायला गोड, आणि या सगळ्यात आपण कशा आलो हे तिचं तिलाच उमगलेलं नसावं असा चेहरा.

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. महेश्वरीदेवींचा प्रचार सोमवारी निंबाळगावात आला. पुढं हलगी, मागं गळ्यात पट्टे घातलेली पोरं, मधोमध दादा हात जोडून, आणि बाजूला देवी. वृषाली सरपंच म्हणून सोबत होती. सकाळपासून त्यांनी वाड्या-वस्त्या केल्या होत्या. प्रत्येक घरात तिळगूळ, आणि प्रत्येक घरात चहा. नको म्हणायची सोय नव्हती. एका घरचा घेतला आणि दुसऱ्या घरचा नाकारला तर भावकी फुटते. एका ठिकाणी चहा नको म्हटल्यावर लिंबू सरबत आलं, आणि ते पण प्यावं लागलं.

बाजारतळावर पोचल्यावर देवींनी हात जोडले ते जोडलेच राहिले. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते एकाच जागी थिजलेलं. बनाबाई लक्ष्मम्मांच्या ओट्यावर बसून बघत होत्या. ज्या बाईनं तीस वर्षं पोरं सांभाळली, तिला कुणाला कधी लागली हे लांबून कळतं.

वृषाली गर्दीतून वाट काढत ओट्यापाशी आली. "बाई," ती हळूच म्हणाली, "ताईंना जायचंय."

"दिसतंय ते. गाडी कुठं हाय?"

"फाट्यावर. गर्दीत आणता येईना."

"हितं आजूबाजूला कुणाकडं?"

"ही सगळी गल्ली आबांच्या भावकीची हाय बाई. तिथं जाऊन संडास मागितला तर उद्या मोबाइलवर हेच फिरंल."

"मग माझ्या घरी चला. वढ्याच्या पल्याड."

वृषालीनं मागं वळून देवींकडं पाहिलं. देवींनी ओढ्याकडं पाहिलं. ओढ्यापर्यंतचं अंतर आता त्यांच्याच्यानं होणार नाही हे तिघींनाही कळलं. देवी स्वतःच पुढं आल्या आणि बनाबाईंचा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता. "मावशी, प्लीज," त्या म्हणाल्या. "काहीतरी करा."

बनाबाईंना खरं सांगायचं तर गंमत वाटत होती. पण त्या हाताची गंमत वाटेना. त्यांनी समोरच्या गुलाबी इमारतीकडं बोट केलं.

"तो हाय की. तुमच्याच मालकांनी आणलाय. पण आचारसंहिता हाय, बाई. किल्ली अमरसिंहाकडं हाय, आन् त्याला दुसऱ्या पार्टीचं भ्या वाटतं."

वृषालीनं यानंतर जे केलं ते बनाबाईंनी नंतर कित्येक जणींना सांगितलं, आणि सांगताना दर वेळी त्या थोडं वाढवूनच सांगायच्या. पण खरं इतकंच झालं, की वृषालीनं डोक्यावरचा पदर नीट केला, हलगीवाल्यांच्या मधून सरळ चालत गेली आणि दादांच्या शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्यापुढं हात पसरला.

"किल्ली द्या."

"कशाची?" अमरसिंह म्हणाला. हलगीत त्याला नीट ऐकू आलं नाही.

"संडासाची."

"येड लागलं का तुला? आत्ता?"

"सरपंचाला पाहिजे," वृषाली म्हणाली.

हलगीवाल्यानं नेमकी तेव्हाच कांडी बदलायला हात थांबवला. ते वाक्य सगळ्या बाजारानं ऐकलं. अमरसिंहानं दादांकडं बघितलं. दादांनी बायकोकडं बघितलं, आणि नवरा कितीही पुढारी असला तरी काही गोष्टी त्याला कळतात. ते म्हणाले, "अरे दे की मर्दा."

अमरसिंहानं मोटारसायकलच्या किल्ल्यांच्या जुडग्यातून ती किल्ली काढली. काढताना त्याची नखं तुटली असावीत.

कुलूप उघडलं, पण दार उघडेना. आतून काहीतरी टेकलं होतं. बनाबाई, वृषाली आणि दोन भाजीवाल्या बायांनी खांदा लावला. आत बॅनर होते. बांबूच्या चौकटीवर ताणलेले, प्रचारासाठी छापलेले, जागा नाही म्हणून अमरसिंहानं इथं रचून ठेवलेले. प्रत्येकावर महेश्वरीदेवी हात जोडून हसत होत्या. बायांनी ते भराभर बाहेर ओढायला सुरुवात केली. पण देवींना तेवढा धीर राहिला नव्हता. त्यांनी साडी सावरली, स्वतःच्या चेहऱ्यावर पाय दिला आणि पलीकडं गेल्या.

"पाणी न्हाय टाकीत," आतून कुणीतरी म्हणालं.

लक्ष्मम्मांनी दुकानातली नवी कोरी बादली काढली. तिच्यावरचा किमतीचा कागद तसाच होता. ती भरून त्या स्वतः घेऊन गेल्या. विरुद्ध पार्टीच्या गल्लीतल्या नळावरून. तिथल्या म्हातारीनं विचारलं, कशाला गं? लक्ष्मम्मा म्हणाल्या, नातेवाइकाला.

देवी बाहेर आल्या तेव्हा त्यांचं हसू वेगळं होतं. ते खरं होतं. पट्टेवाल्या पोरांना काय झालं ते नीट कळलं नाही, पण आपल्या उमेदवार कुठूनतरी बाहेर पडल्या आहेत एवढं बघून त्यांनी घोषणा दिल्या. देवींनी हातानं त्यांना गप्प केलं आणि बनाबाईंना म्हणाल्या, "मावशी, हा बंद करू नका आता."

बंद कसा होणार? मागं रांग लागली होती. मिरच्यावाली, भाजीवाल्या, माळवं घेऊन आलेल्या पोरी, आणि आबांच्या गल्लीतली ती म्हातारी सुद्धा. तिच्या घरात संडास होता, पण तिला फरशी बघायची होती.

किल्ली वृषालीनं कमरेला खोचली. अमरसिंहानं नंतर घरी मागितली असेल. मिळाली नाही एवढं खरं.

आबांच्या पार्टीनं त्याच दिवशी तक्रार केली की आचारसंहितेत महिला स्वच्छतागृहाचं बेकायदा उद्घाटन झालं. दुसऱ्या दिवशी सरकारी जीप आली. त्यातून एक बाई साहेब उतरल्या. सोबत कॅमेरा धरलेला माणूस आणि एक पोलीस. अमरसिंहाच्या तोंडचं पाणी पळालं. तो म्हणाला, मला काय माहीत न्हाय, बाईंना विचारा. बनाबाईंना बोलावणं गेलं.

"उद्घाटन कोणी केलं?" साहेबांनी विचारलं.

"उद्घाटन न्हाय झालं साहेब."

"उमेदवार आत गेल्या होत्या, असं तक्रारीत आहे."

"गेल्या व्हत्या की. बाईला लागली, बाई गेली."

कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला. साहेबांनी त्याच्याकडं पाहिल्यावर परत वर केला.

"फीत कापली का?"

"फीत बांधायला येळ कुठं व्हता?"

"नारळ? हार? भाषण?"

"भाषणाच्या परिस्थितीत न्हवत्या त्या."

पोलीस भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. साहेबांनी आजूबाजूच्या दोन-तीन बायांना विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं, फक्त प्रत्येकीनं थोडं जास्त बारकाव्यानं सांगितलं. साहेबांनी दगडावरचा कागद टोक धरून उचलून पाहिला. खाली काहीच नव्हतं. एका कोऱ्या दगडावरून कुणावर गुन्हा दाखल करायचा, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. मग त्यांनी कॅमेरावाल्याला आणि पोलिसाला जीपकडं पाठवलं. ते गेल्यावर बनाबाईंच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "सकाळी सातपासून फिरतेय. पाणी आहे का आत?"

"भरून ठिवलंय," बनाबाई म्हणाल्या.

तक्रारीचं पुढं काही झालं नाही.

धुण्याचं मात्र झालं, आणि ते उद्घाटनापेक्षा अवघड निघालं. लक्ष्मम्मा पहिल्या दिवशी आल्या. गळ्यातलं लिंग पोलक्याच्या आत नीट सारलं, नाकाला पदर बांधला, आणि ब्रश असा धरला जसा काही तो चावणार होता. त्यांनी निम्मं अॅसिड फरशीवर ओतलं, खोकत बाहेर आल्या, शिव्या दिल्या, परत आत गेल्या. सोमेश दुकानाच्या दारात पाठ करून उभा होता. ओट्यावर बसलेल्या बनाबाईंनाच वाईट वाटलं. त्या उठून मदतीला गेल्या, तर लक्ष्मम्मांनी त्यांना बाहेर काढलं.

"तुमची पाळी उद्या. उद्या या."

पाळ्या काही सगळ्यांनी केल्या नाहीत. पेठेतल्या दोघी वापरायच्या आणि पाळीच्या दिवशी पाहुणे यायचे. भीमनगरातली एक म्हणाली, आमी का म्हणून, इतकी वर्सं पुरलं न्हाय का? तिचंही चूक नव्हतं, आणि बनाबाईंनी तिला काही म्हटलं नाही. वृषाली आली. सकाळी लवकर, कुणी नसताना, आणि नीट घासून गेली. एकदा टाकी रिकामी राहिली आणि संध्याकाळपर्यंत जी अवस्था झाली, तिचं वर्णन नको. त्या दिवशी आबाराव न बोलता ओढा ओलांडून आले, टाकीचा बॉल उघडून बघितला, म्हणाले, "सरकारी माल," आणि स्वतःच्या पिशवीतला वॉशर घालून गेले. बनाबाईंनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते परत आले नसते.

निवडणुकीत महेश्वरीदेवी पडल्या. श्रीमंतराव आबांची सून आली. निंबाळगावात मात्र देवींना मतं जास्त पडली म्हणतात, पण गावात असं प्रत्येक निवडणुकीनंतर म्हणतात.

आचारसंहिता उठली तशी पाट्यांवरचे कागद निघाले. आबांनी तारीख दिली आणि या वेळी ती पाळली. सोमवारचाच दिवस निवडला, कारण गर्दी आयती. कोऱ्या दगडाच्या जागी नवा दगड बसला. त्यावर आबांचं नाव वर, सुनेचं त्याच्या खाली, सरपंच म्हणून वृषालीचं एका कोपऱ्यात. दाराला आडवी लाल फीत बांधली. हार आले, माइक आला, फटाक्यांची माळ आली. आबा पांढऱ्या कपड्यात, हातात ताटातली कात्री घेऊन उभे राहिले आणि निकालानंतर आबांच्या पार्टीत गेलेल्या अमरसिंहानं माइकवर सांगितलं की आबांच्या दूरदृष्टीतून ही वास्तू आज खुली होत आहे.

तेवढ्यात खालच्या वाडीची एक भाजीवाली आली. तिनं पाटी शेजारणीकडं दिली, आबांच्या समोरून वाकून फितीखालून आत गेली आणि आतून कडी लावली.

माइकवर अमरसिंह गप्प झाला. आबांनी कात्री धरलेला हात खाली घेतला. फोटोवाला म्हणाला, "आबा, असंच थांबा," आणि आबा थांबले. सगळे थांबले. बराच वेळ लागला तिला. मधेच आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. तो माइकनं पकडला आणि आख्ख्या बाजारात ऐकू गेला. एक म्हातारा, कुठल्या सवयीनं कोण जाणे, टाळ्या वाजवायला लागला. शेवटी ती बाहेर आली, एवढी माणसं बघून दचकली, फितीखालून परत वाकली आणि "चालू द्या" म्हणून पाटीकडं गेली.

मग आबांनी फीत कापली. फटाके वाजले. आबांनी भाषणात मोठी टाकी द्यायचं कबूल केलं. बनाबाईंनी पुढं होऊन कुठल्या महिन्यात ते विचारलं. आबा म्हणाले लवकरच. त्या म्हणाल्या, लवकर हा महिना कधी येतो? आबा हसले, पण त्यांच्या सुनेनं त्यांच्याकडं बघून "मे मध्ये देऊ" असं सांगितलं, आणि वृषालीनं ते ग्रामसेवकाकडून तिथंच ठरावात घालून घेतलं.

गाड्या गेल्या. आतल्या पांढऱ्या फरशीवर झेंडूच्या पाकळ्या, फटाक्याचे तांबडे कागद, नारळाचं पाणी आणि चिखलाच्या बुटांचे ठसे पडले होते. लक्ष्मम्मा दारात येऊन बघून गेल्या आणि कपाळाला हात लावला. त्या दिवसाची पाळी पेठेतल्या एका पाहुणेवालीची होती, म्हणजे कुणाचीच नव्हती.

बनाबाईंनी कोपऱ्यातला खराटा घेतला आणि माइकची वायर गुंडाळत असलेल्या अमरसिंहाजवळ गेल्या.

"हा धर."

"मी?" तो म्हणाला. "बाई, बायकांचा हाय तो."

"आत कुणी न्हाय. बघून आले. केर तुझ्या पार्टीचा हाय, बायकांचा न्हाय."

अमरसिंहानं चारी बाजूंनी पाहिलं. ग्रामसेवक मोबाइलमध्ये बघत होता. वृषाली दहा पावलांवर उभी राहून नव्या टाकीला जागा कुठली, ते मिरच्यावालीला विचारत होती. तिनं वळून पाहिलं नाही. अमरसिंहानं वायर खाली ठेवली, खराटा घेतला आणि आत गेला. बनाबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"कोपऱ्यातनं काढ," त्या म्हणाल्या. "मधून नुसतं फिरवू नको."

"व्हय बाई," आतून आवाज आला.